लस कोठे मिळावयाची?

साथ आली म्हणजे लोकांच्या तोंडी दोन प्रश्न असतात. रोगावर उपाय आहे की नाही, हा पहिला. आणि असल्यास तो आम्हांस कोठे मिळेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर शास्त्रज्ञांनी द्यावयाचे असते, व कोविडच्या महामारीत त्यांनी ते एका वर्षाच्या आत दिले. दुसऱ्याचे उत्तर देण्याची जबाबदारी राज्यकर्त्यांची. ते उत्तर २०२१ सालच्या पूर्वार्धात आमच्या लोकांस नीट मिळाले नाही, ही गोष्ट आता इतिहासजमा झाली असली तरी विसरण्याजोगी नाही. ‘लस आहे’ आणि ‘लस मिळते’ ह्या दोन वाक्यांतील अंतर त्या साली कोणास एका गल्लीचे पडले, तर कोणास तालुक्याच्या गावापर्यंतचे. हे अंतर किती असावे हा अधिकाऱ्यांच्या सोयीचा प्रश्न नसून नागरिकांच्या हक्काचा प्रश्न आहे, आणि म्हणूनच त्याचा निकाल परिपत्रकांनी न लावता कायद्याने लावावयास पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विषय साथ ओसरल्यावर काढण्याचे कारण असे की, घर जळत असता विहीर खणावयास घेणे हे शहाणपणाचे नव्हे. साथीच्या रोगांविषयी आमच्या देशाचा मुख्य कायदा अद्याप १८९७ सालचा. मुंबईतील प्लेगाच्या धांदलीत परक्या सरकारने केलेला तो कायदा मुळात अवघ्या चार कलमांचा होता. सरकारास काय काय करता येईल हे त्यात आहे. आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा आहे. अंमलबजावणी करणाऱ्या अंमलदारांस संरक्षणही आहे. परंतु लोकांप्रत सरकारचे कर्तव्य काय, ह्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. २०२० साली त्यात दुरुस्ती झाली ती वैद्यकीय सेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी. ती योग्यच होती, पण तिने मूळची उणीव भरून निघाली नाही. केंद्रीय विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सादर केलेल्या आपल्या २८६ व्या अहवालात हा कायदा अपुरा असल्याचे सांगून तो सुधारावा अथवा त्याच्या जागी नवा करावा, अशी शिफारस केली. पुढे २० मे २०२५ रोजी जिनीव्हा येथे जागतिक आरोग्य परिषदेने महामारीविषयक करारास मान्यता दिली. लशीचे वाटप राष्ट्राराष्ट्रांत न्यायाने कसे व्हावे, ह्याचा विचार त्या करारात आहे. तो विचार स्तुत्य आहे खरा. पण विमानतळावर उतरलेली लस गिरणगावातल्या हमालाच्या किंवा सातपुड्यातल्या शेतमजुराच्या दंडापर्यंत कशी पोहोचावी, हे जिनीव्हाने ठरवावयाचे नसून आम्हीच ठरवावयाचे आहे.

आमच्याकडे लस टोचण्याची गोष्ट काल-परवाची नव्हे. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीस देवीची लस टोचण्यात आली. ह्या देशातील ती पहिली टोचणी होय. १८२७ सालापासून ह्या इलाख्यात फिरत्या टोचणाऱ्यांची जी व्यवस्था सुरू झाली, ती ‘मुंबई पद्धत’ ह्याच नावाने ओळखली जाऊ लागली. गावाने लशीकडे न जाता लशीने गावाकडे जावे, हे तिचे मुख्य तत्त्व. पुढे १८८० साली देवी टोचण्याचा कायदा झाला. तो सक्तीचा कायदा होता व सक्तीचे जे दोष असतात ते त्यात होतेच. पण कायद्याच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या भागास तो लागू करावयाचा, त्याची मंडळे पाडावीत, मंडळात टोचणीची सार्वजनिक ठिकाणे असावीत, आणि त्या ठिकाणी सरकारी टोचणाऱ्याने आईबापांकडून फी घेऊ नये, अशी तजवीज त्यात केलेली होती. सक्ती करणाऱ्या परक्या सरकारासही सक्तीबरोबर ठिकाण नेमून देणे भाग वाटले. ह्याच्या उलट १८९७ चा कायदा. त्या सालच्या जानेवारीत हाफकीन साहेबांनी प्लेगाची लस मुंबईतच तयार करून प्रथम स्वतःस टोचून घेतली; आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत हा कायदा होऊन पुण्यात लोकांच्या घरांत गोरे शिपाई शिरले. लोकांवर सत्ता चालवावयाची पण लोकांचे देणे मान्य करावयाचे नाही, अशा कायद्याचा परिणाम काय होतो, हे पुण्यास नव्याने सांगावयास नको.

आता २०२१ सालाकडे वळू. १६ जानेवारीस वैद्यकीय सेवकांपासून लसीकरणास आरंभ झाला. १ मार्चपासून साठ वर्षांवरील, तसेच पंचेचाळीस वर्षांवरील व्याधिग्रस्त लोकांस, आणि १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांस ते खुले झाले. लस थोडी व माणसे फार, अशा वेळी ज्यांच्या जिवास धोका अधिक त्यांस आधी, हा क्रम न्याय्य होता व त्याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती १ मेपासून अमलात आलेल्या धोरणाबद्दल. लशीच्या उत्पादनापैकी निम्मा भाग केंद्र सरकारचा, उरलेला राज्ये व खासगी रुग्णालये ह्यांचा, अशी ती वाटणी होती. एकच लस केंद्रास दीडशे रुपयांस, राज्यास तीनशे अगर चारशेंस, व खासगी रुग्णालयास सहाशे अगर बाराशेंस विकत घ्यावी लागे. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस केंद्राच्या वाट्यातून काहीच मिळावयाचे नव्हते. त्यांनी आपापल्या राज्याच्या दैवावर किंवा आपापल्या खिशावर भिस्त ठेवावयाची होती. दैव कसे निघाले ते महाराष्ट्राने पाहिलेच. ३० एप्रिलपासून तीन दिवस मुंबईतील लसीकरणाची केंद्रे साठ्याअभावी बंद होती, आणि मेच्या दुसऱ्याच आठवड्यात राज्य सरकारास ह्या वयाच्या लोकांचे लसीकरण स्थगित करून ती लस वडील मंडळींच्या दुसऱ्या मात्रेकडे वळवावी लागली.

ठिकाणाचा प्रश्न येथे खऱ्या अर्थाने उभा राहतो. ह्या वयाच्या लोकांस आरंभी थेट केंद्रावर जाऊन लस घेण्याची मुभाच नव्हती. ‘कोविन’ ह्या संगणकीय नोंदवहीत नाव घालून, वेळ मिळवून, मग जावयाचे. वेळ उघडे ती काही क्षणांपुरती. ज्याच्यापाशी चांगला फोन, वेगवान इंटरनेट व इंग्रजीचे ज्ञान असेल, त्याने ती पटकवावी. परिणाम असा झाला की, मुंबई, ठाणे व पुणे येथील तरुण मोटारीने जवळच्या ग्रामीण भागातील आरोग्य केंद्रांवर जाऊन लस घेऊन आले, आणि ज्या गावात ते केंद्र होते त्या गावचा मनुष्य दाराशी उभा राहून पाहत राहिला. त्या तरुणांस आम्ही दोष देत नाही. जिवाच्या भीतीने मनुष्य जेथे दार उघडे दिसेल तेथे जातो. दोष आहे तो दाराची किल्ली फोनमध्ये ठेवणाऱ्या व्यवस्थेचा. शिवाय सात प्रकारच्या ओळखपत्रांपैकी एक तरी जवळ पाहिजे. भटक्या जमातींतील माणसे, रस्त्यावर राहणारे, साधुबैरागी, ह्यांच्यासाठी निराळी कार्यपद्धती नंतर काढण्यात आली. नंतर, हाच शब्द त्या सालच्या बहुतेक सुधारणांस लागू पडतो. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष नोंदणीस परवानगी मिळाली ती नंतर. नोंदवहीत मराठी व इतर देशी भाषा आल्या त्याही नंतरच.

खासगी रुग्णालयांस वाटा दिल्याने ठिकाणे वाढतील, असा सरकारचा युक्तिवाद होता. ठिकाणे वाढली; पण जेथे पूर्वीच पुष्कळ होती तेथे वाढली. मे महिन्यातील खासगी वाट्यापैकी जवळजवळ निम्मी लस मोठमोठ्या शहरांतील अवघ्या नऊ रुग्णालय-समूहांनी उचलली, असे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. ज्या जिल्ह्यात मोठे खासगी रुग्णालयच नाही, त्या जिल्ह्यास ह्या वाट्याचा उपयोग तो काय? ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन दाखल करून घेतलेल्या प्रकरणात नेमके ह्याच गोष्टींवर बोट ठेविले. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांस पैसे मोजावयास लावणारे धोरण सकृद्दर्शनी मनमानी व अविवेकी आहे, असे न्यायमूर्तींनी म्हटले. खासगी रुग्णालये देशभर सारखी पसरलेली नाहीत, आणि फोन व इंटरनेट ज्यांच्यापाशी नाही त्यांनी काय करावे, हेही त्यांनी विचारिले. त्यानंतर एका आठवड्याच्या आत, ७ जून रोजी धोरण फिरले, आणि २१ जूनपासून तीन चतुर्थांश लस केंद्राने घेऊन राज्यांस फुकट द्यावी असे ठरले. पुढे खासगी रुग्णालयांचा एक चतुर्थांश वाटा पुरता वापरलाही गेला नाही. सरकारी ठिकाणी फुकट मिळू लागताच लोक कोणते ठिकाण पसंत करतात, ह्याचा निकाल लोकांनीच देऊन टाकला.

अधिकृत ठिकाण कोणते हे लोकांस ठाऊक नसले म्हणजे काय होते, ह्याचेही प्रत्यंतर त्याच सुमारास आले. ३० मे रोजी कांदिवलीतील एका गृहसंकुलात ३९० रहिवाशांनी माणशी १२६० रुपये मोजून लस टोचून घेतली. मागाहून कळले की ते शिबिरच बनावट होते. मुंबईत अशी नऊ शिबिरे झाली व दोन हजारांवर लोक फसले, अशी माहिती सरकारतर्फे उच्च न्यायालयापुढे ठेवण्यात आली. शिकलेल्या व सुस्थितीतील लोकांची ही कथा, तर ज्यांस फलकही वाचता येत नाही त्यांची काय कथा असेल? आपल्या प्रभागात लस कोठे, कोणाच्या हस्ते व किती वाजता टोचली जाते, हे ज्या शहरात प्रत्येक चाळीच्या फलकावर लागलेले असेल, तेथे भामट्यांचा धंदा चालावयाचा नाही.

ह्याहूनही बिकट स्थिती अंथरुणास खिळलेल्या वृद्धांची व अपंगांची होती. त्यांस घरी जाऊन लस द्यावी, अशी मागणी दोन वकिलांनी जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडली. केंद्र सरकारचे उत्तर, घरोघरी लस देणे शक्य नाही. त्याची कारणे अगदीच टाकाऊ नव्हती, हे आम्ही मान्य करितो. कुपीत दहा मात्रा असतात व ती उघडल्यावर चार तासांत संपवावी लागते; लस दोन ते आठ अंश उष्णतेत ठेवावी लागते; आणि टोचल्यानंतर अर्धा तास मनुष्याकडे लक्ष ठेवावे लागते. पण ह्या अडचणी घरोघर हिंडण्यापूर्वी यादी करण्याच्या आहेत, हिंडूच नये असे सांगणाऱ्या नव्हेत. एका वस्तीतील दहा जणांची नावे आधी घेतली म्हणजे कुपी वाया जात नाही. पथकाबरोबर डॉक्टर दिला म्हणजे अर्ध्या तासाची काळजी मिटते. ज्या देशात पोलिओचे थेंब आधी केंद्रावर व राहिलेल्या मुलांस घरी जाऊन देण्यात आले, आणि ज्याने २०१४ साली पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळविले, त्या देशाच्या सरकारने घरोघरी जाणे अशक्य म्हणावे, हे आश्चर्य होय. तोंडात थेंब घालणे व सुई टोचणे ह्यांत फरक आहे, हे आम्ही जाणतो. पण तो फरक परिश्रमाचा आहे, अशक्यतेचा नाही. एका बड्या राजकारणी पुरुषास घरी लस मिळाल्याचे न्यायमूर्तींच्या कानी आले, तेव्हा ती कोणत्या यंत्रणेने दिली, असे त्यांनी विचारिले. प्रश्न समर्पक होता. जे एकास घरी शक्य, ते दुसऱ्यास अशक्य कसे? अखेरीस त्या वर्षीच्या पावसाळ्यात मुंबईत अशा लोकांस घरी लस देण्यास सुरुवात झाली, सप्टेंबरात केंद्रानेही तशी परवानगी दिली, आणि नोव्हेंबरात तर ‘हर घर दस्तक’ ह्या नावाने देशभर घरोघरी जाण्याची मोहीम निघाली. मे महिन्यात जे अशक्य होते ते नोव्हेंबरात शक्य झाले. मधल्या काळात विज्ञान बदलले नव्हते, फक्त सरकारचा विचार बदलला होता.

स्त्रियांविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. त्या सालच्या मध्यास पुरुषांच्या मानाने स्त्रियांस दिल्या गेलेल्या मात्रा कमी होत्या. ह्याचे खापर अज्ञानावर फोडून मोकळे होणे सोपे आहे. पण फोन नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती, केंद्र दूर, रांग सकाळपासूनची, आणि घरी चूल, लेकरे व आजारी माणूस. अशा स्थितीत स्त्रीने केव्हा व कोणाबरोबर जावे, ह्याचा विचार केंद्रे नेमणाऱ्यांनी केला होता काय? मजुराचीही तीच गत. दिवसाच्या पोटावर जगणाऱ्यास फुकट लस ही एका दिवसाच्या मजुरीएवढी महाग पडते, जर केंद्र कामाच्या वेळेतच उघडे असेल तर.

इतके झाल्यावर सक्तीचा अध्याय सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांसच मुंबईच्या लोकल गाडीने प्रवासाची मोकळीक मिळाली. त्या वेळी दोन्ही मात्रा घेतलेले लोक राज्यात थोडे होते. बाकीच्यांनी लस घेतली नव्हती ती सर्वांनीच हट्टाने नव्हे. पुष्कळांस ती मिळालीच नव्हती. नोव्हेंबरात तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात निदान एक मात्रा घेतल्याचा दाखला दाखविल्यावाचून शिधा व पेट्रोल देऊ नये, असा हुकूम निघाला. जिल्हा मागे पडला होता व अधिकाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे खरे. परंतु गरिबाच्या शिध्याशी लस बांधण्यापूर्वी ती त्याच्या दाराशी नेली पाहिजे, हा साधा न्याय आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने लोकलच्या निर्बंधाच्या कायदेशीरपणाबद्दल राज्य सरकारास खडे प्रश्न विचारिले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कोणासही लस घेण्यास भाग पाडता येत नाही. सार्वजनिक हितासाठी निर्बंध घालता येतील, पण ते प्रमाणात असले पाहिजेत. ह्या निकालातून निघणारे एक तत्त्व आम्ही पुढे मांडतो: ज्या सरकारने लशीचे ठिकाण नागरिकाच्या आवाक्यात आणले नाही, त्यास लस न घेतल्याबद्दल त्या नागरिकाची वाट अडविण्याचा अधिकार नाही.

आमच्या टीकेचा कोणी विपर्यास करू नये. दोनशे वीस कोटींहून अधिक मात्रा देणे हे जगात मोजक्या राष्ट्रांसच साधेल असे काम आहे, व त्यातील बहुतेक लस ह्याच देशात, विशेषेकरून पुण्यात, तयार झाली, ह्याचा आम्हांस अभिमान आहे. नंदुरबारसारख्या डोंगराळ जिल्ह्यात फिरती पथके पाड्यापाड्यांवर गेली. परिचारिका व आशा सेविका उन्हापावसात पायी हिंडल्या. पण त्यांच्या श्रमाने जे साधले ते धोरणाच्या खाती जमा करणे योग्य नव्हे. कोणी म्हणतील, घाईच्या वेळी चुका व्हावयाच्याच, व शेवटी सर्वांस लस मिळालीच ना? ह्यावर आमचे उत्तर एवढेच की, एप्रिल व मे ह्या दोन महिन्यांत ज्यांचे प्राण गेले त्यांस ‘शेवटी’ हा शब्द सांगता येत नाही. साथीत ठिकाणाचा उशीर म्हणजे आयुष्याचा उशीर.

तेव्हा साथीच्या रोगांविषयी जो नवा कायदा होईल, त्यात पुढील गोष्टी कलमाच्या रूपाने याव्यात. एक, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या व नगराच्या प्रत्येक प्रभागाच्या हद्दीत लशीचे ठिकाण किंवा ठरावीक वारी येणारे फिरते पथक असावे. दोन, ह्या ठिकाणी कोणत्याही वयाच्या माणसाकडून पैसे घेऊ नयेत. तीन, संगणकीय नोंदणी ही सोय असावी, अट नसावी. जो दाराशी येईल त्यास नाव विचारून लस द्यावी व कागदपत्राअभावी परत पाठवू नये. चार, आठवड्यातून काही दिवस तरी केंद्र संध्याकाळी उघडे असावे व स्त्रियांसाठी निराळी वेळ असावी. पाच, ठिकाणांची यादी, वेळ व शिल्लक साठा रोजच्या रोज मराठीत चावडीवर, शिधावाटप दुकानावर व वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करावा. सहा, अंथरुणास खिळलेल्यांस घरी लस देणे हे उपकार म्हणून नव्हे, कर्तव्य म्हणून सांगितलेले असावे. आणि सात, हे सर्व झाल्याचे जिल्हाधिकाऱ्याने लेखी प्रमाणित केल्यावाचून लस न घेतलेल्यावर कोणताही निर्बंध घालता येऊ नये.

ह्यास पैसा कोठून आणावयाचा, असे कोणी विचारील. प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, शाळांच्या इमारती आहेत, निवडणुकीच्या वेळी तर प्रत्येक मतदारास जवळ मतदान केंद्र मिळावे म्हणून हेच सरकार जंगलात व बेटांवरही माणसे पाठविते. मत घेण्यासाठी जी यंत्रणा दर मतदाराच्या दारापाशी जाऊ शकते, ती त्याचा जीव वाचविण्यासाठी तेवढेच अंतर चालू शकणार नाही, हे आम्हांस पटत नाही. राज्यघटनेच्या २१ व्या कलमाने जीविताचा हक्क दिला आहे, १४ व्याने समानता, आणि ४७ व्याने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. ह्या तिहींस प्रत्यक्षात आणावयाचे तर त्यांस पत्ता द्यावा लागेल.

सरकारास सांगावयाचे ते सांगितले. आता लोकांस एक विनंती. आपल्या ग्रामसभेत व नगरसेवकापाशी आजच विचारा की, उद्या साथ आली तर आमच्या वस्तीचे लशीचे ठिकाण कोणते? उत्तर मिळाले तर ते लिहून घ्या. न मिळाले तर मिळेपर्यंत विचारीत राहा. साथ दाराशी येण्यापूर्वी ज्या गावाने हे उत्तर मिळविले, त्या गावास पुढे रांगेत उभे राहून ते शोधीत बसावे लागणार नाही.